आधी पट्टी उचलून बघा

(या भागाची लिखित प्रत. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय विषय झाला? गाडीच्या समोरच्या काचेभोवती जी काळी रबरी पट्टी असते ना, ती सुटली तर काय करायचं. बस्स, एवढाच विषय. पण या पट्टीने मला बाबांसमोर मान खाली घालायला लावली, म्हणून सांगतोय.

गोष्ट मे महिन्यातली. साताऱ्याहून पुण्याला येत होतो. गाडी बाबांची, चालवत होतो मी. शेजारी आई, मागे बाबा. खंबाटकीचा बोगदा मागे पडला, शिरवळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, काटा नव्वदच्या जवळ गेला आणि आवाज सुरू झाला. फर्रर्रर्र. पतंगाची शेपटी वाऱ्यात वाजते ना, तसा. सत्तरवर आलो की बंद, नव्वदला गेलो की परत फर्रर्र.

आई म्हणाली, "वायपरला कागद अडकलाय का रे?" मागून बाबा म्हणाले, "काही नाही, गाणी मोठी लाव."

चहाला थांबलो तेव्हा बघितलं. काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे आई बसते त्या बाजूला, रबरी पट्टी वीतभर उचलली होती. खालची खाच धुळीने भरलेली. मी काय केलं? शेजारच्या दुकानातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची छोटी ट्यूब घेतली, चार थेंब टाकले, अंगठ्याने दाबून धरलं. चिकटली! पुण्यापर्यंत एकदा आवाज आला नाही. मी खूश. आमच्या भाषेत सांगायचं तर तिकीट क्लोज.

मंडळी, मी रोज कोड लिहितो. एरर दिसू नये म्हणून एररचा मेसेजच दाबून टाकणाऱ्या ज्युनिअरला मी ओरडतो. आणि स्वतःच्या गाडीवर नेमकं तेच केलं.

ही पट्टी असते कशासाठी?

आधी नावाचा घोळ मिटवू. कोणी बीडिंग म्हणतं, कोणी मोल्डिंग, कोणी नुसतं रबर. चार दुकानांत गेलात तर चार नावं ऐकाल. पण खरा फरक नावात नाही, कामात आहे. आणि हा फरक कळला नाही तर धोका आहे, म्हणून जरा लक्ष द्या.

पहिला प्रकार जुन्या गाड्यांचा. अ‍ॅम्बॅसेडर आठवते? प्रीमियर पद्मिनी? त्यांच्या काचेभोवती जाड रबर असायचं, त्याला दोन्हीकडे खाचा. एका खाचेत काच बसायची, दुसऱ्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड. म्हणजे काच धरून ठेवायचं काम ते रबरच करायचं. अजूनही काही ट्रक, बस आणि जुन्या व्हॅनमध्ये अशी काच दिसते. तिथे रबर सुटलं म्हणजे काचेचा आधारच सुटला. ते ओढून काढायचं नाही आणि तसंच पुढे चालवायचंही नाही.

दुसरा प्रकार आजच्या बहुतेक कार्सचा. इथे काच थेट बॉडीच्या पत्र्याला चिकटवलेली असते. चिकटवणारा पदार्थ म्हणजे पॉलियुरेथेन, दुकानात नुसतं 'युरेथेन' म्हणतात. काळं, घट्ट, लवचीक. ट्यूबमधून बोटाएवढी जाड माळ काढतात आणि त्यावर काच दाबून बसवतात. बाहेरून दिसणारी पट्टी इथे काच धरत नाही. ती काच आणि पत्रा यांच्यामधली फट झाकते, वारा सरळ वाहू देते, खाचेत पानं-खडे जाऊ देत नाही. ती कुठे क्लिपांनी बसवलेली असते, कुठे काचेच्या कडेवर चढवलेली, कुठे चिकटवलेली. काही गाड्यांत काचेच्या दोन्ही बाजूंना खांबांवर वेगळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्याही याच जातीच्या.

एक गंमत बघा. आता गाडीजवळ असाल तर काचेच्या कडेला बघा, काळा पट्टा आणि त्याला लागून बारीक होत जाणारे ठिपके दिसतील. डिझाइन वाटतं ना? तो भाजून पक्का केलेला सिरॅमिक रंग आहे. युरेथेनला ऊन सोसत नाही, अल्ट्राव्हायोलेट किरणांनी ते हळूहळू खराब होतं. तो काळा पट्टा त्याला सावली देतो.

तर दुसऱ्या प्रकारात पट्टी गेली म्हणून काच लगेच पडत नाही. हे ऐकून हायसं वाटलं असेल. मलाही वाटलं होतं.

मॅट ओली का होते?

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बाबांचा फोन. "पुढच्या सीटखालची मॅट ओली होते रे. सकाळी उठून वर्तमानपत्र अंथरतो मी." मागून आईचा आवाज, "मी पाय वर घेऊनच बसते, काही अडत नाही."

काही अडत नाही! आमच्या घरात हे वाक्य ऐकलं की समजायचं, बरंच अडलंय.

शनिवारी साताऱ्याला गेलो. सोबत सिलिकॉनची ट्यूब. बाथरूमच्या फटी भरायला वापरतात तीच. पट्टीवरून सगळीकडे मस्त लेप दिला. गाडीभर व्हिनेगरसारखा वास. रविवारी रात्री धो-धो पाऊस, आणि सोमवारी सकाळी मॅट जास्तच ओली.

आता मी जरा शहाणपणाने वागलो. आधी वायपरखालची जाळी बघितली. तिथे पाण्याला बाहेर जायला वाट असते, ती पानांनी तुंबली तर पाणी आत येऊ शकतं आणि आपण उगाच काचेला दोष देतो. एसीचं पाणी जाणारी नळी तुंबली तरी पुढची मॅट भिजते, तीही बघितली. दोन्ही साफ होत्या. म्हणजे गडबड वरच होती.

बाबा म्हणाले, "महामार्गाला एक काचवाले आहेत, त्यांना दाखवू." गेलो. साठीच्या पुढचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पाणी मागितलं नाही, टॉर्च मागितला नाही. टपावरून काचेकडे बोट फिरवलं, आधी उजव्या कोपऱ्यात, मग डाव्या. मग माझं बोट धरून तसंच फिरवलं. उजवीकडे बोट सरळ घसरलं. डावीकडे काचेच्या कडेला अडलं.

"कळलं का?" मामा म्हणाले. "पट्टी सुटली न्हाई. काच उचललीया, तिनं पट्टी ढकललीया. आन तू वरनं लांबी लावत बसलायस."

मग त्यांनी विचारलं, "ही काच कवा बदलली?"

बाबा म्हणाले, "बदललीच नाही. कंपनीचीच आहे."

मी गप्प.

खरी गोष्ट

दोन वर्षांपूर्वी, जुलै महिना. गाडी महिनाभर माझ्याकडे पुण्यात होती. साताऱ्याला येताना खंबाटकी चढत होतो, समोर डंपर, त्यातून खडा उडाला आणि काचेला आडवी चीर गेली. बाबांना सांगितलं नाही. इन्शुरन्सचा क्लेम केला तर नो क्लेम बोनस जाईल आणि त्यांना कळेलही. म्हणून पुण्यात एका छोट्या दुकानात स्वस्तात काच बदलून घेतली.

आता नीट ऐका. त्या दुकानातल्या मुलाने मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, गाडी आज इथेच राहू द्या, उद्या न्या. दोन, न्यायचीच असेल तर एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा आणि दार आपटू नका. तीन, काचेवर लावलेल्या टेपच्या पट्ट्या एक दिवस काढू नका.

मला चार वाजता कॉल होता. चाळीस मिनिटांत गाडी काढली. पाऊस होता म्हणून सगळ्या काचा बंद. दार धाडकन लावलं. आणि टेप? सोसायटीत शिरायच्या आधीच काढून टाकली, कारण गाडी भंगारातली वाटत होती.

हे तीन नियम का असतात, ते मामांनी त्या दिवशी समजावलं, आणि नंतर मी स्वतः वाचून काढलं. काचेचं युरेथेन बहुतेक वेळा हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, बाहेरून आत, हळूहळू. किती वेळ लागेल हे त्या मालावर, तापमानावर आणि दमटपणावर ठरतं, ते ट्यूबवर छापलेलं असतं. तोवर आतला भाग च्युइंगमसारखा. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं की गाडीतली हवा दाबली जाते. तो धक्का कानाला जाणवतो ना? तोच ओल्या काचेला आतून बाहेर ढकलतो. टेप असते ती काचेला आणि पट्टीला त्या वेळेत जागेवर धरायला. मी एकाच दुपारी तिन्ही आधार काढून घेतले.

काच दोन-अडीच मिलिमीटर उचलली गेली असेल. दिसण्यासारखं काही नाही. पण त्या कोपऱ्यात पट्टीला नीट बसायला जागाच उरली नाही. दोन उन्हाळ्यांत रबर आखडलं, आणि मे महिन्यात ते फर्रर्र करून बोलायला लागलं.

मामांनी तारेने युरेथेन कापून काच काढली. माझं सिलिकॉन खरवडायलाच त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. सिलिकॉन राहिलं तर त्यावर युरेथेन धरत नाही, आणि ते सहजी निघतही नाही. शिवाय तो व्हिनेगरचा वास म्हणजे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, उघड्या लोखंडाला ते गंज चढवायला मदतच करतं. काच निघाली आणि खालची कड दिसली. डाव्या कोपऱ्यात वीतभर गंज. जुनी काच काढताना सुरीने रंगावर ओरखडे गेले होते आणि त्यावर कोणी प्रायमर लावला नव्हता. हा भाग माझा नाही, दुकानाचा. पण तिथे पाणी पोचलं ते माझ्यामुळे, आणि नंतर गोंद आणि सिलिकॉन लावून ते आत कोंडलं तेही मीच. मामांनी तिथली युरेथेनची माळ चिमटीत धरून ओढली. पापडाच्या लाटीवरून प्लास्टिक निघतं ना, तशी अख्खी निघून आली. ती कशालाच चिकटलेली नव्हती.

आता ही गोष्ट नुसत्या ओल्या मॅटची का नाही, ते सांगतो. गाडी उलटली तर टप दबू नये म्हणून जो सांगाडा असतो, त्यात चिकटवलेल्या काचेचाही वाटा असतो. आणि बऱ्याच गाड्यांत डाव्या सीटसमोरची एअरबॅग फुगताना वर काचेवर आपटते आणि काचेचा टेकू घेऊन माणसाकडे वळते. भारतात नव्या मॉडेल्सना पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती एप्रिल २०२१ पासून, आमच्या गाडीत आधीपासून होती. त्या टेकूचाच कोपरा सुटलेला. आणि त्या सीटवर दोन वर्षं आई बसत होती, महिनाभर तर पाय वर घेऊन.

तुमची पट्टी सुटली तर

घाबरू नका. बऱ्याचदा नुसती पट्टीच म्हातारी झालेली असते. उन्हाने रबर आखडतं, कोपऱ्यात कमी पडतं, क्लिप तुटते. ते काम घरी होतं. पण आधी दहा मिनिटं तपासणी.

एक. मामांची बोटाची चाचणी. चारही कोपऱ्यांत टपावरून किंवा खांबावरून काचेकडे बोट फिरवा. डावी-उजवीकडे सारखं लागलं पाहिजे. नंतर काचेला कोपऱ्यात तळव्याने हलकेच दाबा. हलली, करकरली, तर थांबा. ते काचवाल्याचं काम.

दोन. सुटलेली पट्टी हाताने जेवढी सहज उचलते तेवढीच उचला आणि टॉर्च मारून खाली बघा. धूळ चालेल. रंगाखाली फुगे, तांबूस पावडर, ओला चिखल दिसला तर ते चिकटवून झाकायचं नाही. स्क्रूड्रायव्हर घालू नका, रंगाला ओरखडा गेला की तिथूनच गंज सुरू.

तीन. पाण्याची चाचणी. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. जोरात फवारा नको, नुसती धार. सुरुवात काचेच्या खालून, मग हळूहळू वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून येतंय ते कळत नाही. आत थेंब दिसला तर तेही काचवाल्याचंच काम.

तिन्हींत पास? मग पट्टी तुमची. क्लिपवाली असेल तर तुटलेल्या क्लिपा बदला, जुन्या वाकवून परत बसवू नका. पट्टी आखडून कमी पडत असेल तर तुमच्या मॉडेलची नवी आणा. चिकटवायची असेल तर आधी खाच साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश किंवा मेणाचा अंश राहिला तर काहीच धरत नाही. काम सावलीत करा, पण थंडीत पट्टी कडक झाली असेल तर आधी थोडा वेळ उन्हात ठेवा. चिकटवायला गाड्यांसाठीचं युरेथेन, बारीक माळ, नाहीतर बाहेरच्या ट्रिमसाठी मिळणारी दुहेरी चिकट फोम टेप. दोन्ही बाजूंना रंगावर आणि काचेवर मास्किंग टेप लावून घ्या, नाहीतर काळे डाग घेऊन बसाल.

बसवताना एक चूक सगळे करतात. एका टोकापासून ओढत ओढत जातात. रबर ताणलं जातं, छान पुरतं, आणि महिन्याभरात आखडून परत कोपरा उघडा. त्यापेक्षा आधी मध्य टेकवा, मग दोन्ही कोपरे, मग मधला भाग दाबत या. वरून आडव्या टेपच्या पट्ट्या लावा आणि एक दिवस ठेवा. गाडी भंगारातली दिसते, दिसू द्या.

काय वापरायचं नाही? झटपट गोंद, तो काचेसारखा कडक होतो, गाडीच्या थरथरीने तडकतो आणि कडेला पांढरा थर सोडतो. घरगुती सिलिकॉन, त्याचं सांगून झालं. आणि दगडासारखी होणारी पुट्टी. पट्टीला रोज हलायचं असतं, ऊन-पावसात फुगायचं-आखडायचं असतं.

आणि रस्त्यात फडफडायला लागली तर? सुरक्षित जागी थांबा. चिकटवलेल्या काचेची गाडी असेल तर कापडी टेपचे तुकडे पट्टीवर आडवे लावा आणि हळू चालवा. अगदीच लोंबत असेल तर काढून डिकीत टाका, मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर जाण्यापेक्षा बरं. फेकू नका, दुकानात नमुना म्हणून लागते. पण अख्ख्या रबरात बसवलेली जुनी काच असेल तर त्याला हात लावायचा नाही.

शेवट

मामांनी गंज घासून काढला, प्रायमर मारला, नवं युरेथेन, नवी पट्टी. तीच काच न फुटता परत बसली. म्हणाले, "उद्या या." या वेळी मी एक शब्द बोललो नाही. बाबा आणि मी रिक्षाने घरी आलो.

रिक्षात मी सगळं सांगितलं. खडा, दुकान, टेप, दार. बाबा ऐकत राहिले. रागावले नाहीत, ते जास्त जड गेलं. घराच्या कोपऱ्यावर उतरताना त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशीचा कॉल झाला का तुझा वेळेवर?"

"झाला."

"कशाचा होता?"

मी आठवून बघितलं. मंडळी, खरंच सांगतो, अजून आठवत नाहीये.

तर आज संध्याकाळी गाडीपाशी गेलात की टपावरून काचेकडे एकदा बोट फिरवा. स्वतःची असो, बाबांची असो. आणि घरातलं कोणी "काही अडत नाही" म्हणालं, तर मॅटला हात लावून बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, दार हळू लावा.